औषधालयासाठी कॅमेरा-यंत्रणा : अ‍ॅनालॉग की नेटवर्क?

काही वर्षांपूर्वी महिनाअखेरीच्या साठा-मोजणीत आमच्या औषधालयात केशराच्या दोन डब्या कमी भरल्या. संशय स्वाभाविकपणे गल्ल्यावर बसणाऱ्या, अकरा वर्षे आमच्याकडे असलेल्या साहाय्यकावर गेला. ‘कॅमेरे आहेत, पाहू या,’ असे आम्ही मोठ्या विश्वासाने म्हणालो. परंतु यंत्रात मागील सहा दिवसांपुरतेच चित्रण शिल्लक होते. पुढे तीन आठवड्यांनी पुरवठादाराच्या पावत्या ताडून पाहता डब्या मुळातच कमी आल्या होत्या, असे निष्पन्न झाले. माल उतरवून घेतात त्या मागील दारावर आमचा एकही कॅमेरा नव्हता. एका निरपराध माणसास तीन आठवडे मान खाली घालून वावरावे लागले, याची खंत आम्हांस आजही आहे. त्या निमित्ताने या विषयाचा जो अभ्यास घडला, तो वैद्यबंधू-भगिनी व औषधालय-चालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

दोन्ही पद्धतींचे स्वरूप

अ‍ॅनालॉग पद्धतीत कॅमेरा केवळ चित्राचा विद्युत्-संकेत निर्माण करतो. तो संकेत कोॲक्सियल तारेतून डीव्हीआर या यंत्राकडे जातो. तेथे त्याचे अंकीय रूपांतर होऊन तो हार्ड डिस्कवर साठविला जातो. सारी बुद्धी यंत्रात, कॅमेरा केवळ डोळा.

नेटवर्क अथवा आयपी पद्धतीत प्रत्येक कॅमेरा हाच एक लहानसा संगणक असतो. अंकीय रूपांतर व संक्षेपण तो स्वतःच करतो आणि संगणकाच्या जाळ्यातून चित्र एनव्हीआरकडे पाठवितो. स्वीडनमधील अ‍ॅक्सिस या कंपनीने १९९६ मध्ये असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. २००३ मध्ये पॉवर ओव्हर इथरनेट हे मानक निश्चित झाल्यावर एकाच तारेतून वीज व चित्र दोन्ही नेण्याची सोय झाली.

स्पष्टतेचे गणित

जुन्या अ‍ॅनालॉग चित्राची रुंदी साधारणतः ७०४ बिंदू असे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ती १९२० बिंदू असते. अनोळखी माणसाची निःसंशय ओळख पटण्यासाठी दृश्याच्या दर मीटर रुंदीस २५० बिंदू असावेत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणजे जुना कॅमेरा सुमारे पावणेतीन मीटर रुंदीपर्यंत, तर दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सुमारे साडेसात मीटर रुंदीपर्यंत चेहरा ओळखता येईल असे चित्र देतो. त्यापलीकडे ‘कोणीतरी आले व गेले’ एवढेच कळते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘अ‍ॅनालॉग म्हणजे अंधुक’ हे समीकरण आता खरे राहिलेले नाही. २०१२ नंतर एचडी-सीव्हीआय, टीव्हीआय, एएचडी ही तंत्रे आली आणि त्याच जुन्या तारेवरून दोन, पाच, किंबहुना आठ मेगापिक्सेलपर्यंतचे चित्र मिळू लागले. त्यामुळे आज खरी तुलना स्पष्टतेपेक्षा विस्तार, देखभाल व सुरक्षितता यांची आहे.

साठवणुकीचे गणित

आमची चूक नेमकी येथे झाली होती. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या एच.२६४ संक्षेपणात सेकंदास सुमारे चार मेगाबिट माहिती निर्माण करतो; दिवसाचे सुमारे ४३ गिगाबाइट होतात. चार कॅमेऱ्यांचे १७२. आमची डिस्क एक टेराबाइटची होती. ती सहाव्या दिवशी भरून जुन्यावर नवे लिहिले जाणे क्रमप्राप्तच होते. एच.२६५ संक्षेपणात हाच भार साधारण निम्मा होतो; तरीही चार कॅमेऱ्यांचे तीस दिवसांचे चित्रण ठेवावयाचे तर सुमारे २.६ टेराबाइट लागतात, म्हणजे चार टेराबाइटची डिस्क घ्यावी. साठा-मोजणी महिन्याने करावयाची आणि चित्रण आठवड्याचे ठेवावयाचे, हे अनुपान चुकल्यासारखे आहे.

तारा, वीज व वास्तू

कोॲक्सियल तार दोनशे मीटर व त्याहून पुढेही चालते; नेटवर्कच्या तारेस एका टप्प्यात शंभर मीटरची मर्यादा आहे. एका मजल्यावरील औषधालयास याने फरक पडत नाही. परंतु तळमजल्यावर विक्री, वर पंचकर्म व मागील अंगणात गोदाम अशी रचना असेल, तर अ‍ॅनालॉगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याची तार स्वतंत्रपणे यंत्रापर्यंत आणावी लागते. नेटवर्कमध्ये प्रत्येक मजल्यावर एक स्विच बसवून पुढे एकच तार नेता येते. पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे बिनतारी कॅमेरे फारसे टिकत नाहीत, हे विक्रेता सांगत नाही. वीज गेल्यास पॉवर ओव्हर इथरनेटच्या रचनेत स्विच व एनव्हीआर यांना यूपीएस दिला की सर्व कॅमेरे चालू राहतात. अ‍ॅनालॉगमध्ये कॅमेऱ्यांच्या वीजपुरवठा-पेटीचीही वेगळी तजवीज करावी लागते.

नेटवर्कचा दोष

जे घरबसल्या आपण पाहू शकतो, ते दुसराही पाहू शकतो. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व डीव्हीआर ताब्यात घेतले. कारण एकच, मालकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाच नव्हता. अ‍ॅनालॉगवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. डीव्हीआर इंटरनेटला जोडला की धोका सारखाच. २०२५ मध्ये राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील स्त्री-रुग्णांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले गेल्याचे उघड झाले. वैद्यकीय व्यवसायास याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

म्हणून पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिल्या दिवशीच पासवर्ड बदलावा. कॅमेऱ्यांचे जाळे देयकाच्या संगणकापासून वेगळे ठेवावे. एप्रिल २०२५ पासून केंद्र शासनाने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा-चाचणी बंधनकारक केली आहे. खरेदीपूर्वी तिचे प्रमाणपत्र मागावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणी-कक्ष, अभ्यंग, स्वेदन, बस्ती यांच्या खोल्या व वस्त्रे बदलण्याची जागा येथे कॅमेरा कदापि बसवू नये. स्त्रीच्या खासगी क्षणाचे चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये गुन्हा आहे. प्रतीक्षा-कक्षात ‘येथे कॅमेरे आहेत’ अशी मराठी पाटी लावावी.

पुरावा म्हणून मूल्य

दि. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्क येथील जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचा बळी गेला. त्या तपासात बेकरीतील कॅमेऱ्याच्या चित्रणाचा आधार घेतला गेला, हे पुणेकरांस स्मरत असेल. एका लहान दुकानाचे चित्रणही केवढे मोलाचे ठरू शकते, हे त्यातून दिसले.

मात्र चित्रण असणे आणि ते न्यायालयात ग्राह्य ठरणे या भिन्न गोष्टी होत. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीसंबंधीच्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचा प्रश्न उद्भवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला की, मूळ उपकरण हजर न करता केवळ प्रत सादर केल्यास विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. ही अट दोन्ही पद्धतींस सारखीच. सबब घटना घडताच प्रथम जुन्यावर नवे लिहिले जाणे थांबवावे, मूळ डिस्क जपावी आणि यंत्राचे घड्याळ बरोबर आहे याची नोंद करावी. दहा मिनिटे मागे असलेले घड्याळ चांगल्या पुराव्याचे मातेरे करते.

तात्पर्य

एक गाळा, तीन-चार कॅमेरे आणि भिंतीत सुस्थितीतील कोॲक्सियल तार असेल, तर ती उपटून टाकण्याचे कारण नाही. नवे एचडी कॅमेरे, नवा डीव्हीआर व मोठी डिस्क पुरेशी आहे. नवीन वास्तू, अनेक मजले, शाखा अथवा पुढे वाढण्याची शक्यता असेल, तर आरंभापासून नेटवर्क पद्धत घ्यावी. मध्यम स्थितीत दोन्ही प्रकारचे कॅमेरे स्वीकारणारे संमिश्र यंत्र उपयोगी पडते. जसे एकच कल्प सर्व रुग्णांस देता येत नाही, तद्वतच येथेही वास्तू व गरज पाहूनच योजना करावी.

आमच्या औषधालयात आम्ही जुनीच तार ठेवून डिस्क बदलली आणि नवा कॅमेरा मागील दारावर बसविला. तो साहाय्यक आजही आमच्याकडे आहे. माल उतरताना तोच कॅमेऱ्यासमोर डब्या मोजून घेतो. यंत्र चोर पकडण्यासाठी घेतात हे खरे; परंतु ते निर्दोष माणसाचेही रक्षण करू शकले पाहिजे, ही अपेक्षा ठेवूनच त्याची निवड करावी, असे आमचे नम्र मत आहे.