शिकाऱ्यांची वर्गणी आणि फ्लूचा विषाणू

१९२३ साली इंग्लंडमधल्या ‘द फील्ड’ या नियतकालिकाने आपल्या वाचकांकडे वर्गणी मागितली. शिकार, मासेमारी आणि खेड्यातलं जीवन हे त्याचे विषय, त्यामुळे वाचकांच्या घरी शिकारी कुत्रे हमखास असायचे. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाची साथ आली की एका वेताची सगळी पिल्लं पाहता पाहता जायची. आधी ताप, मग डोळ्यांना चिपडं, नाकातून पू, जुलाब. यातून तगलेल्या पिल्लाला पुढे झटके यायचे, नाहीतर एखादा पाय आपोआप उडत राहायचा. औषध नव्हतं. डिस्टेंपरच्या विषाणूला मारणारं खास औषध आजही नाही. वाचकांनी पैसे दिले आणि पुढे अमेरिकेतल्या कुत्रेवाल्यांनीही हातभार लावला.

हा निधी ज्या कामाला लागला, ते काम ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने हाती घेतलं. ही तर माणसांच्या आजारांचं संशोधन करणारी सरकारी संस्था. तिला कुत्र्यांच्या रोगात रस वाटावा, याचं कारण १९१८ची साथ. जून १९१८मध्ये मुंबईत शिरलेल्या फ्लूने पुढच्या काही महिन्यांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. एवढा संहार झाला तरी फ्लू नेमका कशाने होतो, हे कुणाला सांगता येत नव्हतं. बरेच डॉक्टर एका जिवाणूकडे बोट दाखवत. डिस्टेंपरचा वादही अगदी तसाच होता. हेन्री कारे या फ्रेंच पशुवैद्यांनी १९०५मध्येच सांगितलं होतं की, जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाणारं काहीतरी हा रोग घडवतं. पण ते मानायला अनेकांची तयारी नव्हती. दोन्ही रोग तापाने आणि वाहत्या नाकाने सुरू होणारे. एकाचं कोडं सुटलं तर दुसऱ्याचीही वाट दिसेल, असा कौन्सिलचा होरा होता.

लंडनच्या उत्तरेला मिल हिल इथल्या प्रयोगशाळेत पॅट्रिक लेडलॉ हे डॉक्टर आणि जॉर्ज डंकिन हे पशुवैद्य कामाला लागले. पहिली अडचण साधीच, पण सगळं अडवून धरणारी होती. रोग इतका पसरलेला की बाहेरून आणलेला कुत्रा आधीच आजारून बरा झालेला असू शकत होता, मग प्रयोगातून काहीच कळेना. म्हणून बंदिस्त आवारात जन्मापासून बाहेरच्या जगाचा स्पर्श न झालेले कुत्रे वाढवावे लागले. तिथे पाऊल टाकण्याआधी माणसांना अंघोळ करून कपडे बदलावे लागत. असल्या कामाला पैसा लागतो तो इथे. भिंती, कुंपण, कामगारांचा पगार, कुत्र्यांचं वर्षानुवर्षांचं खाणंपिणं यांचा खर्च फार मोठा असतो.

दुसरी गरज होती प्रयोगाला सोयीच्या आणखी एका प्राण्याची. ती फेरेटने भागवली. दिसायला मुंगसासारखा, कुळाने पाणमांजराच्या जवळचा हा प्राणी इंग्लंडमध्ये सशांना बिळातून हुसकण्यासाठी पाळत. त्यालाही डिस्टेंपर होतो आणि झाला की तो सहसा वाचत नाही, हे पाळणाऱ्यांना माहीत होतं. १९२६पर्यंत लेडलॉ आणि डंकिन यांनी डिस्टेंपर विषाणूनेच होतो हे पक्कं केलं, १९२८मध्ये लसही सिद्ध केली. या कामात कुत्र्यांचे आणि फेरेटचे हाल झाले, जीव गेले. कुत्र्यांवरच्या प्रेमापोटी दिलेल्या पैशातून ते झालं, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

१९३३च्या सुरुवातीला लंडनमध्ये फ्लूची साथ आली. मिल हिलमध्ये विलगीकरणाची शिस्त तयार होती, फेरेट तयार होते आणि ते हाताळणारी माणसंही. विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातला गाळलेला द्राव फेरेटच्या नाकात सोडला. फेरेट तापले, शिंकू लागले. डिस्टेंपरपासून सुरक्षित केलेल्या फेरेटनाही हा आजार झाला, म्हणजे हा निराळा विषाणू होता. माणसाच्या फ्लूचा विषाणू असा पहिल्यांदा हाती आला. दरवर्षी फ्लूच्या लशीत कोणते प्रकार घ्यायचे हे ठरवताना आजही फेरेटच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा आधार घेतात.

कुत्र्यांसाठी दिलेला पैसा माणसांच्या तोंडचा घास काढतो, असं बोलणाऱ्यांना मी ही हकिकत आवर्जून सांगते. डिस्टेंपरचा विषाणू आपल्या गोवराचा आणि गुरांच्या बुळकांडीचा भाऊबंद आहे. बुळकांडी २०११मध्ये जगातून हद्दपार झाली, कारण बैल मेला की शेती बुडते आणि सरकारांना तिथे पैसा ओतावाच लागतो. कुत्रा मेल्याने कुठलाही महसूल बुडत नाही. त्याच्या रोगावरच्या संशोधनाला त्याच्यावर जीव लावणाऱ्यांनीच पैसा द्यायचा. अमेरिकेत १९४८पासून मॉरिस अॅनिमल फाउंडेशन हेच करतं. तीन हजारांहून अधिक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचा आयुष्यभर मागोवा घेऊन कर्करोगाची कारणं शोधण्याचं त्यांचं काम २०१२पासून चालू आहे. पण देणग्यांवरचा डोलारा कोसळतोही. न्यूमार्केटमधला १९४२पासूनचा अॅनिमल हेल्थ ट्रस्ट २०२०मध्ये पैशाअभावी बंद पडला.

आपल्याकडे डिस्टेंपरचा विषाणू फक्त घरच्या कुत्र्यापुरता नाही. २०१८मध्ये गीरच्या दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह मेले. त्या सिंहांच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सिद्ध झालं. त्याआधी सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या परिसरात अनिरुद्ध बेलसरे आणि सहकाऱ्यांनी गावकुत्र्यांचं रक्त तपासलं होतं. बहुतेक कुत्र्यांना हा विषाणू कधी ना कधी गाठून गेला होता, त्याच्या खुणा खोकडांतही सापडल्या.

आपल्या प्राणिप्रेमींचा पैसा मुख्यतः खाऊ घालण्यावर, निर्बीजीकरणावर आणि उपचारांवर जातो, तो जायलाच हवा. संशोधनाच्या वाट्याला मात्र फार थोडा येतो. एकच प्रश्न घ्या. आईकडून आलेली प्रतिपिंडं पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, म्हणून घरच्या पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर काही आठवड्यांनी पुन्हा टोचतात. गावातलं मोकाट पिल्लू तीनदा हाती लागत नाही. ते एकदाच सापडलं, तर कितव्या आठवड्यात टोचावं? गावोगाव फिरणारी चार माणसं, बर्फाची पेटी, रक्त तपासायला प्रयोगशाळा आणि तीन-चार वर्षांचा पगार एवढं जमलं तर नान्नजच्या आसपासच्या गावांतच त्याचं उत्तर शोधता येईल.