आयताकृती लूमवर दुहेरी विणकाम

दोन सुया न वापरताही लोकरीचा मफलर विणता येतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी सुलट दिसणारा! त्यासाठी लागतो आयताकृती लूम : खुंट्यांच्या दोन समांतर ओळी आणि मध्ये फट.

🧶 कृती
१. पहिल्या खुंटीला सरकगाठ अडकवा. मग समोरच्या ओळीतली दुसरी, अलीकडची तिसरी, अशी लोकर नागमोडी न्या. परत येताना सुटलेल्या खुंट्या भरा.
२. या वेढ्यांवर वेगळ्या रंगाचा दोरा आडवा ठेवून त्याची टोकं फटीतून खाली सोडा.
३. पुन्हा तसाच फेरा घ्या. आता प्रत्येक खुंटीवर दोन वेढे असतील. आकड्याने खालचा वेढा वरच्यावरून काढून आत सोडा. एक ओळ झाली!
४. दोरा खाली ओढा आणि तिसरी पायरी करत राहा. वीण फटीतून खाली उतरू लागेल.
५. शेवटी क्रोशाच्या सुईने दोन्ही ओळींतले टाके आळीपाळीने एकमेकांतून ओढून बंद करा. सुरुवातीची कडही अशीच बंद करून दोरा काढा.

📏 खुंट्या जवळजवळ असतील, तर वीण घट्ट येते. दूरदूर असतील, तर सैल. जाड लोकरीला रुंद अंतराचा लूम घ्या. वेढे ताणू नका, नाहीतर ते उचलणं जड जातं.

एकाच ओळीवर विणलं, तर एकेरी कापड होतं, पण साध्या सुलट विणीच्या कडा गुंडाळल्या जातात. थंडीसाठी दुहेरीच विणा. ऊब खरंच जास्त मिळते.

तुम्ही लूमवर काय विणलंय? फोटो नक्की टाका!