फरशी आणि पाणी

नवें घर बांधणारा किंवा जुनें घर दुरुस्त करणारा गृहस्थ फरशीचा विचार करतो तो बहुधा दुकानांत उभा राहून. रंग कोणता, तुळतुळीतपणा किती आणि चौरस फुटास भाव काय, एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं कीं त्याचें काम संपतें आणि गवंड्याचें सुरू होतें. पुढें पहिला पावसाळा येतो. कोपऱ्यांतील एक लादी पाय पडतांच बद्द वाजूं लागते, दुसरीच्या कडेनें पांढरी पूड फुटते, भिंतीच्या पायथ्याचा रंग सुटतो, आणि सकाळीं अंथरूण गुंडाळतांना त्याची खालची बाजू दमट लागते. अशा वेळीं दोष दगडाला दिला जातो. वस्तुतः दगड बहुधा निर्दोष असतो. बिघाड झालेला असतो तो त्याच्या खालीं, आणि त्याचें मूळ शोधूं गेल्यास पुष्कळदां तें पाण्यापाशींच सांपडतें.

घरांतील फरशीला पाणी तीन वाटांनीं भेटतें. एक जमिनींतून वर येतें, दुसरें गवंडी स्वतः घालतो, आणि तिसरें घरांतील माणसें वरून सांडतात. पहिलें अडवावें लागतें, दुसरें टिकवावें लागतें आणि तिसरें वाहून जाऊं द्यावें लागतें. फरशी बसविण्याची सारी विद्या या तीन कामांत सांठविलेली आहे.

दगड येण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील बहुतेक घरांत मातीची जमीन असे. भराव घालून, पाणी शिंपडून, धुम्मसानें ठोकून आणि चोपण्यानें चोपून ती घट्ट करीत, व मग शेणानें सारवीत. ती उकरली जाई, तिला भेगा पडत, आणि पुन्हां पुन्हां सारवण्याचें काम घरांतील बायकांच्या कपाळींचें कधीं सुटत नसे. परंतु तिच्या अंगीं एक गुण होता. खालून आलेली ओल तिच्यांतून वर येई आणि हवेंत उडून जाई. दगडानें ही वाट बंद केली. आतां ओलीला दोनच मार्ग उरले: लाद्यांमधील दरजा आणि भिंतींचा पायथा. जुन्या मातीच्या घरांत हौसेनें फरशी घातली, आणि तोंपर्यंत कोरड्या असलेल्या भिंतींना ओल येऊं लागली, असा अनुभव अनेकांस येतो तो यामुळें.

महाराष्ट्रांत घरोघर दिसणाऱ्या दगडी फरशीस शहाबादी म्हणतात, तें शहाबाद या गांवावरून. हें गांव कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यांत आहे. तेथील चुनखडीचा दगड जमिनींत वहीच्या पानांसारखा थरांथरांनीं बसलेला असल्यामुळें त्याच्या सपाट लाद्या सहज सुटतात. मुंबईहून सोलापूरमार्गें मद्रासकडे निघालेला लोहमार्ग १८७१ सालीं रायचूरपर्यंत पोंचला. शहाबाद त्याच मार्गावर असल्यामुळें हा जड माल दूरवर नेणें सोपें झालें. पुढें सिमेंटच्या रंगीत, नक्षीदार लाद्या आल्या. १९२२ सालीं मुंबईंत भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी स्थापन झाली आणि परदेशांतून येणाऱ्या अशा लाद्यांना देशी जोड मिळाली. आज दुकानांत भट्टींत भाजलेल्या चकचकीत टाइल्सच अधिक दिसतात. वरचा थर असा बदलत गेला, तरी त्याच्या खालचे नियम बदलले नाहींत.

पहिलें पाणी जमिनींतलें. तें वर कसें चढतें हें पाहावयाचें असेल तर समईकडे पाहावें. वातीच्या तंतूंमधील बारीक फटींतून तेल जसें आपोआप ज्योतीपर्यंत जातें, तसेंच मातीच्या कणांमधील फटींतून पाणी वर सरकतें. फट जितकी बारीक, तितकें तें अधिक उंच चढतें. उलट मोठ्या दगडांच्या मधल्या पोकळींत त्याला चढतां येत नाहीं. फरशीखालीं दगडांची सोलिंग घालतात ती याचसाठीं. ती केवळ भक्कमपणासाठीं असते असें समजून पुष्कळ ठिकाणीं तिच्या जागीं विटांचे तुकडे आणि माती भरतात. काम वरून तेवढेंच भक्कम दिसतें, परंतु घरभर वात लावून ठेवल्यासारखें होतें. सोलिंगचे दगड हातानें उभे रचावे, आणि त्यांच्या फटी दगडाच्या कपच्यांनीं बसवाव्या, मातीनें बुजवूं नयेत.

सोलिंगच्याही खालीं भराव असतो, आणि देशावर त्याची चिंता अधिक. काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसते. शेतांत तिला पडणाऱ्या भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अशा मातीवर बसविलेली फरशी दर वर्षीं थोडी उचलली जाते आणि थोडी खालीं बसते. दगडाला वांकतां येत नाहीं, म्हणून तो सुटतो किंवा तडकतो. यासाठीं काळी माती शक्य तितकी उकरून काढावी आणि तिच्या जागीं चांगला मुरूम भरावा. तोही एकदम लोटूं नये. सुमारें पंधरा सेंटिमीटरांचा, म्हणजे सहा इंचांचा एक थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस, आणि मगच दुसरा थर, असा क्रम असावा. दोन-तीन फूट भराव एका दिवसांत घालून वरून ठोकला, तर धुम्मसाचा मार वरच्या थरापुरताच पोंचतो. खालचा भाग पावसाळ्यांत आपल्या वजनानें बसतो आणि फरशी अधांतरीं राहते. लादी बद्द वाजते ती बऱ्याच वेळां अशा पोकळीमुळें.

सोलिंगवर वाळूचा पातळ हात देऊन जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, त्याचे जोड वीतभर एकमेकांवर घ्यावे, आणि त्यावर सुमारें दहा सेंटिमीटर जाडीचें काँक्रीट घालावें. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू आणि आठ भाग खडी हें प्रमाण घरगुती जमिनीस पुरतें. भिंतींत जोत्याच्या पातळीवर ओल अडविणारा थर असेल तर कागदाची कड त्याला नेऊन मिळवावी. जुन्या घरांत असा थर बहुधा नसतो. तेथें घराबाहेरचें पाणी भिंतीपासून दूर काढणें, बाहेरची जमीन घरापासून उताराची करणें आणि पन्हळींचें पाणी पायथ्याशीं पडूं न देणें, हे उपाय फरशीच्या आधीं करावे लागतात.

दुसरें पाणी गवंड्याच्या हातचें. सिमेंट वाळून घट्ट होतें असा समज सर्वत्र आढळतो, आणि फरशीच्या कामांत याहून घातक समज क्वचितच असेल. सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. पाणी आधींच उडून गेलें तर हा संयोग अर्धवट राहतो आणि खालीं उरते ती नुसती भुसभुशीत वाळू. म्हणून कामाच्या प्रत्येक पायरीस पाण्याची चोरी कोठें होते तें पाहावें लागतें. कोरडा दगड मसाल्यांतील पाणी शोषून घेतो, यास्तव लाद्या आधीं चांगल्या भिजवाव्या. काँक्रीटही ओलें करून घ्यावें, परंतु त्यावर डबकें राहूं नये. मग एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू यांचा मसाला सुमारें दोन ते अडीच सेंटिमीटर जाड पसरून, त्यावर पातळ कालवलेलें सिमेंट देऊन लादी बसवावी, आणि लाकडी हातोडीनें ठोकून दोरीस आणि पाणसळीस मिळवावी. पहिली ओळ गुण्यानें काटकोनांत धरली नाहीं, तर खोलीच्या दुसऱ्या टोकास तिची तूट उघडी पडते आणि तेथें निमुळते तुकडे घालावे लागतात.

बसविलेल्या फरशीवर दोन-तीन दिवस कोणी चालूं नये, आणि किमान सात दिवस ती ओली ठेवावी. ओलें गोणपाट अंथरणें हा जुना उपाय अजूनही उत्तम आहे. उन्हाळ्यांत खिडक्यांतून येणारें ऊन आणि वारा हे या कामाचे शत्रू होत. रंगारी आणि सुतार यांना ठरलेल्या दिवशीं बोलाविलेलें असतें, घरमालकास वास्तुशांतीचा मुहूर्त गांठावयाचा असतो, आणि या घाईचा बळी पहिल्यानें हे सात दिवसच होतात. आठवड्याची ही काटकसर पुढें सारी फरशी उखडण्याच्या खर्चानें फेडावी लागते.

तिसरें पाणी वरचें, रोजच्या वापराचें. तें पुसून काढण्यापेक्षां त्याला वाट देणें शहाणपणाचें. न्हाणीघर, मोरी, ओटी आणि गच्ची यांच्या फरशीस दर मीटरास दहा ते वीस मिलिमीटर ढाळ असावा, आणि न्हाणीघराची जमीन शेजारच्या खोलीहून बोटभर तरी खालीं असावी. काम गवंड्याच्या ताब्यांतून घेण्यापूर्वीं एक बादली पाणी ओतून पाहावें. तें कोठें थांबतें हें डोळ्यांनीं दिसतें. ढाळाची याहून चांगली परीक्षा नाहीं. पाण्याच्या जागीं फरशी गुळगुळीतही असूं नये. ओल्या चकचकीत दगडावरून पाय घसरून म्हातारपणीं खुब्याचें हाड मोडलें, तर पुष्कळांना पुन्हां पूर्वीसारखें चालतां येत नाहीं. तेथें खरबरीत दगडच शोभतो.

यानंतर घासकामाचा विचार. दगड किंवा मोझाइक घासतात तें कार्बोरंडमच्या खड्यांनीं, प्रथम साठ नंबरचा जाडा, मग एकशेंवीसचा आणि शेवटीं तीनशेंवीसचा बारीक. प्रत्येक खडा आधीच्या खड्याचे ओरखडे काढतो. म्हणून मधली पायरी गाळून चकाकी येत नाहीं. घासतांना पाणी सोडणें केवळ सोयीचें नव्हे, आवश्यक आहे. वाळू आणि कित्येक दगड यांच्या धुळींत सिलिका असते. ती वर्षानुवर्षें श्वासाबरोबर आंत गेल्यास फुप्फुसें कायमचीं निकामी होतात, आणि त्या रोगावर खात्रीचा उतार नाहीं. लाद्या कोरड्या कापूं देणारा घरमालक आपली एक दुपार वाचवितो, परंतु कारागिराचें आयुष्य खर्चीं घालतो.

दगड सूक्ष्म छिद्रांचा असल्यामुळें तेल आणि हळद त्यांत मुरतात. त्यासाठीं छिद्रें भरणारें द्रव्य, ज्याला दुकानांत सीलर म्हणतात, तें चढवितां येतें. मात्र खालची ओल सुकण्यापूर्वीं तें लावलें तर ती आंत कोंडते, आणि वरचा थर पांढुरका होऊन त्याचे पापुद्रे निघतात. परीक्षा सोपी आहे. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद फरशीवर ठेवून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि एक दिवस व एक रात्र थांबावें. कागदाच्या आंतून दंव धरलें, किंवा खालचा दगड काळवंडला, तर घाई करूं नये.

रोजच्या स्वच्छतेंतही एक सावधगिरी पाहिजे. शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सारे मुख्यतः चुन्याच्याच जातीचे दगड. आम्ल त्यांना खातें. चकचकीत फरशीवर लिंबाचा थेंब तासभर राहिला तरी तेथें निस्तेज डाग उठतो. मग तेजाबानें घासलेल्या फरशीची काय अवस्था होत असेल! तेजाब पडतांच जो फेस येतो, तो मळाचा नसून विरघळणाऱ्या दगडाचा असतो. क्षणभर फरशी उजळ दिसते, पण तिचीं छिद्रें मोठीं होतात आणि पुढचा मळ अधिक खोल जातो. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास तर क्लोरीन हा विषारी वायु निघतो, आणि बंद न्हाणीघरांत तो प्राणघातक ठरूं शकतो. साधें पाणी आणि सौम्य साबण एवढें दगडाला पुरेसें आहे.

राहिला प्रश्न जुन्या फरशीचा. ती मळकट झाली म्हणजे उखडावी, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. तत्पूर्वीं काठीच्या टोकानें एकेक लादी वाजवून पाहावी. आवाज भरीव असेल तर खालचें काम शाबूत आहे, आणि दगड घासून पुन्हां नवा होतो. दहा-वीस लाद्याच पोकळ असतील तर तेवढ्याच उचलून, मसाला खरवडून, पुन्हां बसवितां येतात. सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांत रंगाचा थर कांहीं मिलिमीटरांचाच असतो, म्हणून त्या हलक्या हातानें, बारीक खड्यानेंच घासाव्या. भाजलेल्या टाइल्सचा काचेसारखा मुलामा मात्र एकदां झिजला कीं घासून परत येत नाहीं. सारी जमीनच पोकळ वाजत असेल, तर जुन्या फरशीवर नवी चढविणें म्हणजे पोकळीवर ओझें वाढविणें होय.

फरशी पसंत करण्यास घरांतील सर्व मंडळी दुकानांत जातात, आणि ती बसली म्हणजे सर्वजण कौतुकानें पाहावयास येतात. या दोन दिवसांच्या मध्यें एक दिवस असा असतो कीं, त्या वेळीं घरांत पाहण्यासारखें कांहींच नसतें: मुरूम, पाणी, धुम्मसाचा धबधबाट आणि उघडे दगड. सुज्ञ गृहस्थानें सवड काढावी ती त्या दिवशीं. एकदां वर लादी बसली कीं खालीं काय घातलें आहे हें त्याला दिसणार नाहीं. तें पावसाळाच सांगेल.