पाटी सोडा, पुली बघा!

जुन्या अमेरिकी ड्रिल मशीनवर ‘क्राफ्ट्समन’ असं ठसठशीत लिहिलेलं दिसलं, तरी त्या नावाचा कारखाना शोधायला जाऊ नका. क्राफ्ट्समन हा तेव्हा सिअर्स या दुकानदार कंपनीचा ब्रँड होता. मशीन बनवायचे दुसरेच. खरा बाप कोण, ते मॉडेल नंबरात ठिपक्याच्या आधीचे तीन आकडे सांगतात. १०३ म्हणजे किंग-सीली, १०१ म्हणजे ॲटलस, ११३ म्हणजे इमर्सन. एवढे तीन आकडे पाठ असले तरी पुष्कळ मशीनची ओळख तिथल्या तिथे पटते.

पण पाटीच उखडलेली असेल, किंवा रंगाच्या चार थरांखाली बुजलेली असेल तर? माझ्या मते खरी मजा तिथून सुरू होते.

आधी पाठ बघा. बीडाची चौकट उंटाच्या पाठीसारखी वाकून पुढे आली असेल, तर ते ‘कॅमलबॅक’, सपाट पट्ट्याच्या जमान्यातलं. त्याच्या पुलीवर स्टीलची पट्टी आडवी धरा. ती मधोमध टेकते आणि दोन्ही कडांना उजेडाची बारीक फट दिसते. पुली झिजलेली नाही, मुद्दाम फुगीर केलेली आहे! फिरता सपाट पट्टा नेहमी पुलीच्या उंच भागाकडे चढतो, म्हणून मधला फुगवटा त्याला घसरू देत नाही. व्ही-बेल्टच्या पुलीला हा फुगवटा लागतच नाही, तिथे पट्टा खाचेतच बसतो. कॅमलबॅकवर वेग उतरवणाऱ्या बॅक गिअरची जोडी दिसली, तर ते मोठ्या भोकांचं मशीन समजा. साध्या पोलादात २५ मिमीचं भोक पाडायचं तर मिनिटाला साधारण ३०० फेरेच हवेत.

आता माझं सगळ्यात लाडकं यंत्र, पोस्ट ड्रिल. लोहारशाळेत खांबाला किंवा भिंतीला ठोकलेलं, मोटर नाही, नुसता दांडा. लँकेस्टरची चॅम्पियन, बफेलो फोर्ज, शिकागो हाइट्सची कॅनेडी-ओटो, अशा कंपन्यांनी ही बनवली. जवळ उभं राहून हळूच एक फेरा द्या. बेव्हल गिअर स्पिंडल फिरवतात, जड फ्लायव्हील हाताचा झटका पोटात घेतं आणि दांड्याच्या आसावरचा कॅम एक भुजा उचलतो. भुजेच्या टोकाचा खटका डोक्यावरच्या दातेरी चाकाला ‘टक्’ करून पुढे ढकलतो. चाक सरकलं की पेच फिरतो आणि ड्रिल केसभर खाली उतरतं. म्हणजे लोहाराने फक्त फिरवत राहायचं, दाब मशीनच देतं! एका फेऱ्यात किती दाते सरकायचे, तेही बऱ्याच मशीनवर कमीजास्त करता येतं.

पोस्ट ड्रिलची आणखी एक खूण तोंडाशी असते. बहुतेकांना तीन जबड्यांचा चक नसतो, अर्ध्या इंचाचं गोल भोक आणि बाजूला एक स्क्रू, बस्स. त्यामुळे लोहाराची ड्रिलं कितीही जाड असली तरी सगळ्यांची शँक, म्हणजे मशीनमध्ये शिरणारं टोक, अर्ध्या इंचाचीच, वर स्क्रूसाठी एक सपाट पैलू. ओहायोतल्या सेलम गावची सिल्व्हर अँड डेमिंग ही कंपनी असली मशीन बनवायची. कमी जाडीच्या शँकच्या मोठ्या ड्रिलला अमेरिकेत आजही तिच्याच नावाने ओळखतात.

बेंचवरच्या मशीनकडे वळू. डेल्टा १९१९ मध्ये मिलवॉकीत सुरू झाली आणि १९४५ मध्ये रॉकवेलने ती विकत घेतली. तेव्हा पाटीवर डेल्टासोबत रॉकवेल असेल, तर मशीन त्याआधीचं नाही. डेल्टाच्या बऱ्याच जुन्या स्पिंडलवर चकच्या वर पेचाची एक रिंग सापडते. चक ज्या निमुळत्या टोकावर बसतो, तो टेपर खालून येणारा दाब झकास पेलतो, पण राउटरसारखं आडवं काम लावलं की ढिला पडतो. त्यासाठी ही रिंग. न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डची वॉकर-टर्नर मात्र तिच्या रेडियल मॉडेलवरून लांबूनच ओळखू येते. त्यात डोकं एका आडव्या दांड्यावर पुढेमागे सरकतं आणि कलतंही.

मापाचा घोळही समजून घ्या. आपल्याकडे ‘तेरा एमएमचं मशीन’ म्हणजे त्यात बसणारं मोठ्यात मोठं ड्रिल. अमेरिकेतलं ‘चौदा इंची’ म्हणजे चौदा इंच व्यासाच्या चकतीच्या मधोमध भोक पाडणारं. खांबापासून स्पिंडलच्या मध्यापर्यंत सात इंच. पाटी नसली तरी टेप लावून हे मोजता येतं.

चकवरून मात्र मशीनचं वय ठरवू नका, तो कधीही बदललेला असू शकतो. चावीने फिरणाऱ्या कड्याचा चक आर्थर जेकब्जने १९०२ मध्ये काढला. पान्याने आवळायच्या जुन्या चकवर त्याची बोटं सोलवटली, त्यातून ही कल्पना सुचली.

शेवटी टेबल. कडेने चौफेर नाली असेल, तर ते कारखान्यात दिवसभर चालणाऱ्या कामासाठीचं. कूलंट त्या नालीत उतरून परत टाकीत जायचा. नालीच्या एका कोपऱ्यात नळी जोडायचं भोक असतं, आणि वर्षानुवर्षांच्या वाळलेल्या तेलाने, बारीक किसाने ते बहुधा ठासून बुजलेलं असतं. तार घालून आधी ते मोकळं करा.