आकुर्डीचा रफार

एसटीच्या दापोडी वर्कशॉपात माझी सगळी नोकरी झाली. नातू वाचायला लागला तसं त्याच्यासाठी पुस्तक आणायचं काम माझ्याकडे आलं. मी सोळा पानी, रंगीत पुस्तक उचललं. पानं कमी म्हणजे सोपं, असा आपला हिशेब. पहिल्याच पानावर वनराज ‘क्रुद्ध’ झाले आणि पोरगं तिथंच अडलं. म्हणालं, ‘‘आबा, तूच वाच.’’

रविवारी आम्ही लोणावळा लोकलनं आकुर्डीला निघालो. गाडीची वाट बघता बघता तो फलाटावरची पाटी वाचायला लागला : दा-पो-डी. कासारवाडीही घडाघडा वाचली. पिंपरीला जरा थबकला. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, तोंडातून मात्र अक्षराच्या नंतर येते. आकुर्डीला ‘आकुडी’ झालं. रफार बसतो ‘डी’च्या डोक्यावर, उच्चारायचा तिच्या आधी!

पाच अक्षरांची कासारवाडी सोपी आणि तीन अक्षरांची आकुर्डी अवघड. शिवाय ही नावं रोज कानावर पडणारी. निम्मं वाचलं की उरलेलं ओठांवर येतंच. ‘क्रुद्ध’ मात्र आमच्या घरात कुणी होत नाही. आमच्याकडे माणसं चिडतात.

आता दुकानात मी आधी मधलं पान उघडतो. जोडाक्षरं किती ते बघतो. पानावर एक-दोन ओळी, टपोरं अक्षर, तेच शब्द पुन्हा पुन्हा आणि घरात बोलतो तशी भाषा हवी. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या, माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या संचात ती नावापासूनच आहे : ‘राधाचे’ नव्हे, ‘राधाचं’. ‘प्रथम बुक्स’ची पुस्तकं वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेली असतात. २०१५ साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी पुस्तकं मोबाइलवर फुकट वाचता येतात.

घरी एक पान त्याला वाचायला देतो. अडला की एक बोट मिटायचं. एका पानात मूठ वळली, तर ते पुस्तक सध्या माझ्या वाट्याचं.

वनराजांचं पुस्तक असंच माझ्याकडे आलं. रात्री मी वाचतो, तो ऐकतो. परवा त्याच्या हातून दूध सांडलं. स्वयंपाकघरातून आवाज चढला, तसा धावत येऊन माझ्या कानात म्हणाला, ‘‘आबा, आजी क्रुद्ध झाली!’’