इंत्रूज, शिमगा आणि त्रिनिदादचा ताशा

फाल्गुन लागला म्हणजे आमच्या वाशीम जिल्ह्यांतील बंजारा तांड्यांवर रात्रीं डफाचा आवाज उठूं लागतो. स्त्रीपुरुष फेर धरून लेंगी म्हणतात, आणि गेल्या होळीनंतर जन्मलेल्या मुलांचा ‘धुंड’ करून त्यांस आशीर्वाद देतात. सुशिक्षित घरांत मात्र शिमगा म्हटला कीं कपाळास आठी पडते. मास्तरकी करीत असतां आमचेंही मत ह्याहून निराळें नव्हतें. तांड्यावरचा एक मुलगा होळीच्या सुमारास वर्गांत बाकावर बोटांनीं लेंगीचा ठेका धरी. एके दिवशीं आम्हीं त्याच्या हातांवर छडी मारली. ठेका थांबला; पुढें कांहीं दिवसांनीं तो मुलगाही शाळेंत येईनासा झाला. गोव्यांतील व वेस्ट इंडीजमधील कार्निव्हलची हकीकत वाचतांना ह्या प्रसंगाची आठवण आम्हांस वारंवार झाली, म्हणून ती हकीकत येथें देत आहों.

ख्रिस्ती लोकांत ईस्टरपूर्वीं चाळीस दिवस उपवासाचे असतात. त्यांच्या आधींचे शेवटचे दिवस खाण्यापिण्याचे व मौजेचे, तोच कार्निव्हल. पोर्तुगीजांनीं तो गोव्यांत आणिला. कोंकणींत त्यास ‘इंत्रूज’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘प्रवेश’, म्हणजे उपवासाच्या काळांत प्रवेश, असा आहे. हा सण बहुधा माघ-फाल्गुनांत, शिमग्याच्या आगेंमागें येतो. एकमेकांवर पीठ व रंगीत पाणी फेंकण्याची चालही त्यांत होती. श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेच्या पहिल्या अंकांत कौशांबीचे नागरिक वसंतोत्सवांत रंगाची धूळ उडवितात व पिचकाऱ्यांनीं पाणी उडवितात. तो अंक ज्यांनीं वाचला आहे, त्यांस इंत्रूज अगदींच परका वाटणार नाहीं.

आज पणजीस ‘मोमो राजा’ची मिरवणूक निघते व हा राजा प्रजेस मौज करण्याची आज्ञा देतो. परंतु चित्ररथांची ही थाटाची मिरवणूक गोवामुक्तीनंतरची आहे. जुना इंत्रूज पाहावयाचा तर साष्टी तालुक्यांतील खेड्यांत जावें. तेथें नाटकमंडळ्या गांवोगांव ‘खेळ’ करून लोकांच्या व्यंगांवर हंसवितात. चांदोर येथें, म्हणजे कदंबांच्या जुन्या राजधानींत, ह्याच दिवसांत ‘मुसळ खेळ’ होतो. ख्रिस्ती झालेल्या क्षत्रिय कुळांचे पुरुष हातांत मुसळें घेऊन नाचतात. विजयनगरच्या राजाच्या विजयाची ही आठवण, असें तेथील परंपरा सांगते. इन्क्विझिशननें इ.स. १७३६ मध्यें फर्मान काढून बाटलेल्या लोकांस कित्येक हिंदू चालीरीतींची मनाई केली होती. पण हें मुसळ मात्र ख्रिस्ती सणाच्या आश्रयानें टिकून राहिलें.

मनाईचा परिणाम काय होतो, हें याहूनही स्पष्टपणें त्रिनिदाद बेटावर दिसतें. इ.स. १७८३ नंतर फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह तेथें येऊन वसले. कार्निव्हलमध्यें मालक लोक मुखवटे घालून वाड्यांत नाचत. गुलामांस त्यांत स्थान नव्हतें. उंसाच्या शेतास आग लागली कीं गुलामांना रात्रींबेरात्रीं ती विझवावयास हाकून नेत. इ.स. १८३८ मध्यें ते पूर्ण मुक्त झाले, तेव्हां त्याच प्रसंगाचें सोंग मशाली व ढोल घेऊन ते रस्त्यांवर काढूं लागले. सरकारास हा दंगा वाटला. इ.स. १८८१ मध्यें पोलिसांशीं मोठी मारामारी झाली, आणि १८८४ च्या कायद्यानें ढोल बंद झाले.

तेव्हां लोकांनीं निरनिराळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. पुढें इ.स. १९३० नंतरच्या दशकांत बिस्किटांचे व रंगाचे रिकामे डबे आले. त्रिनिदाद हा खनिज तेलाचा मुलूख असल्यामुळें तेलाच्या पिंपांस तेथें तोटा नव्हता. पिंपाचा तळ हातोड्यानें ठोकून खोलगट करावयाचा व त्याच्या एकेका भागांतून एकेक स्वर काढावयाचा, ही युक्ति तेथील गरीब पोरांनीं शोधिली. त्या ‘स्टीलपॅन’वर आज अभिजात पाश्चात्त्य संगीतही वाजतें, आणि इ.स. १९९२ मध्यें तें राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झालें.

ह्या बेटावर आपले लोकही आहेत. इ.स. १८४५ पासून हिंदुस्थानांतून गिरमिटी मजूर तेथें गेले; बहुतेक संयुक्त प्रांत व बिहारकडचे. ते मोहरमच्या मिरवणुकी काढीत, आणि त्यांत हिंदूही सामील होत. त्याच १८८४ सालीं, ३० ऑक्टोबर रोजीं, सान फर्नांदो शहरांत शिरूं पाहणाऱ्या अशा मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळीबार केला व अनेक मजूर ठार झाले. त्यांचा ताशा मात्र बंद पडला नाहीं. मातीच्या भांड्यावर बकऱ्याचें कातडें ताणून दोन काड्यांनीं वाजविलेला तो ताशा आजही तेथें मोहरमांत व लग्नांत ऐकूं येतो. आपल्याकडील वरातींत वाजणाऱ्या ताशाचा तो सख्खा भाऊ होय.

शिमग्यांतील मद्यपान व अचकटविचकट बोलणें आम्हांस मान्य नाहीं. कार्निव्हलांतही तें पुष्कळ असतें. पण त्या निमित्तानें सगळा उत्सवच त्याज्य ठरविणें म्हणजे तण उपटतांना पीक उपटण्यासारखें आहे. ज्यांस वर्षभर कोणी बोलूं देत नाहीं, ते ह्या चार दिवसांत बोलतात. तें बोलणें ऐकावयाचें सोडून आम्हीं छडी उचलली, ही आमची चूक आज आम्ही कबूल करतों.

गेल्या होळीस आम्ही नातवास घेऊन तांड्यावर गेलों होतों. तो मुलगा कांहीं तेथें भेटला नाहीं. तेथील म्हाताऱ्यांनीं आम्हांस बसावयास घोंगडी दिली, आणि नातवानें बोटांनीं गुडघ्यावर ठेका धरला. वाचकांनीं येत्या फाल्गुनांत आपल्या घरच्या मुलांस एकदां तरी असें घेऊन जावें, अशी विनंती आहे.