शरदाचा रंग संत्र्यावर

ऑक्टोबर उजाडला की कॅनडा-जपानमधल्या लाल-पिवळ्या झाडांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. त्याच दिवसांत नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीनं पांढुर्णा सोडून तिगाव-चिचोंडा घाट चढून बघा. खिडकीबाहेर सातपुडा अजून हिरवागार असतो. शरद तिकडेही आणि इकडेही, मग इथली पानं का पिकत नाहीत?

थंड प्रदेशातली झाडं आखूड होत जाणारा दिवस आणि वाढता गारठा ओळखतात. पानातलं हरितद्रव्य मोडतं आणि त्याखाली झाकलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड्स दिसू लागतात. मेपलसारख्या झाडांत अँथोसायनिन नव्यानं तयार होतं, म्हणून लाली चढते. सातपुड्यातल्या सागाचा हिशेब मुख्यतः पाण्याचा. त्याच्या रुंद पानांतून भरपूर बाष्प उडतं. जमिनीत ओल आहे तोवर हा खर्च परवडतो. पुढे ओल आटली की देठाच्या बुडाशी पेशींचा कमकुवत थर तयार होतो आणि पान गळतं. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर रान उघडं पडतं ते यामुळे.

तिगाव, पांढुर्णा, सौंसर या पट्ट्यात शरदाचा रंग बघायचा तर संत्र्याच्या बगीच्यात जावं. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तोडणीला येतात. रात्री गार होऊ लागल्या की सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि कॅरोटिनॉइड्सचा नारिंगी रंग खुलतो. परदेशी पान पिवळं पडताना जे घडतं, त्याच्याशी नातं सांगणारी ही क्रिया. रात्री उबदार राहिल्या तर आत गोडी भरूनही साल हिरवट राहते. म्हणून हिरवं संत्रं कच्चंच असेल असं नाही. तोडणी आटोपली की शेतकरी पाणी बंद करून झाडाला ताण देतो. पानं पिवळी पडतात, काही गळतात आणि पुन्हा पाणी मिळाल्यावर झाड फुलतं. सागावर कोरडा ऋतू जे आणतो, ते इथे माणूस मोजूनमापून घडवतो.

जंगलच बघायचं असेल तर पेंच राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यानंतर 1 ऑक्टोबरला उघडतं. त्याचं जमतरा प्रवेशद्वार छिंदवाडा जिल्ह्यात आहे. वाघ दिसो न दिसो, वाटेवर झाडांमध्ये ताणलेली मोठ्या कोळ्यांची जाळी याच दिवसांत बघावीत. गाभा क्षेत्रात पायी फिरता येत नाही. चालायची हौस गावाकडच्या वाटांवर भागवावी. मात्र पावसाळ्यानंतरच्या गवतात चिगर माइट असतात आणि त्यांच्या अळ्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होऊ शकतो. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला, गवतात बसू नका, घरी आल्यावर अंघोळ करून कपडे धुवा. सहलीनंतर ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि बगीच्यात शिरण्याआधी मालकाला विचारा. झाडावरचं फळ हे त्याचं वर्षभराचं उत्पन्न आहे.